आवक शून्य, जावक शून्य

लोकसंख्या कार्यालयातल्या त्या अधिकाऱ्यांनी घरातलं आठ जणांचं जेवणाचं टेबल खालच्या मजल्यावरच्या काकांना देऊन टाकलं आणि दोघांपुरतं नवं आणलं. कार्यालयात त्यांना सगळे 'समजा साहेब' म्हणत, कारण त्यांचं प्रत्येक वाक्य 'समजा'पासून सुरू होई. देशात पन्नास वर्षांनी किती माणसं असतील हे सांगायचं, तर काहीतरी समजून चालावंच लागतं.

"आणि कोणी आलं तर?" बायकोने विचारलं. ते टेबल तिने हौसेने करून घेतलं होतं.

"समजा, मुलगी सासरी, मुलगा परगावी. उरलो दोघं. आवक शून्य, जावक शून्य. देशाचा अंदाजही मी असाच मांडलाय."

"देशाला तुम्ही जेवायला वाढत नाही," असं म्हणून ती आत गेली.

देशाच्या त्या अंदाजावर संचालकांची सही झाली, की समजा साहेबांची बढती पक्की होती. पण इकडे घराचाच अंदाज कोसळला. आधी मुलीच्या घराचं छत गळायला लागलं. दुरुस्ती होईपर्यंत ती नवऱ्याला घेऊन आली. जावयाची आई एकटी मागे कशी राहणार, म्हणून त्याही आल्या. मग मुलाची कंपनी बुडाली आणि तो बॅगा घेऊन दारात उभा राहिला. दोघांच्या टेबलावर पंगतीमागून पंगती उठू लागल्या. समजा साहेब वॉशिंग मशीनवर ताट ठेवून उभ्यानेच जेवत. बायको काहीच बोलत नव्हती, आणि तेच त्यांना जास्त लागत होतं.

शेवटी टेबल परत मागायला ते खाली गेले. तिथे काकांचा मुलगा, सून आणि दोन नातवंडं त्याच टेबलाभोवती हसत जेवत होती. साहेब दारातूनच परत वर आले.

पुढच्या रविवारी संचालक त्या अंदाजाचा अहवाल घेऊन स्वतःच घरी आले. बसायला जागा नव्हती, म्हणून मुलाच्या बॅगेवर टेकले. महिन्याभरात घर कसं भरलं, ते बायकोने त्यांना चहासोबत सांगितलं.

"येणारे-जाणारे शून्य कसे धरलेत?"

"समजा, सर, जितके येतात तितकेच जातात."

संचालकांनी खोलीभर नजर फिरवली. "तुमच्या घरात हे शून्य महिनाभर टिकलं नाही. देशात पन्नास वर्षं टिकेल?" त्यांनी पेन खिशात ठेवलं.

तेवढ्यात खालचे काका आले. "तुमचं टेबल परत घ्या. मुलगा, सून, नातवंडं, सगळी नव्या नोकरीच्या गावी गेली. आठ खुर्च्यांत आम्ही दोघंच बसतो. घास उतरत नाही हो."

संचालक बोटांवर मोजू लागले. "वर चार आले, खालचे चार गेले. इमारतीपुरतं तुमचं शून्य बरोबर आहे."

टेबल वर आलं आणि त्याच्यावरच अहवाल ठेवून संचालकांनी सही केली. समजा साहेबांनी ऐटीत बायकोकडे पाहिलं, पण ती जागेवर नव्हती. ती खाली जाऊन काकूंना हाताला धरून घेऊन आली. काकांना बसवलं, संचालकांनाही उठू दिलं नाही. आठही खुर्च्या भरल्या आणि समजा साहेब ताट घेऊन पुन्हा वॉशिंग मशीनपाशी उभे राहिले.

"अहो, काका-काकूंना कशात धरायचं?" बायकोने बऱ्याच दिवसांनी त्यांना काहीतरी विचारलं. "आवक की जावक?"

समजा साहेबांनी काकूंकडे पाहिलं. त्यांनी नुकतंच दुसऱ्यांदा वाढून घेतलं होतं.

"समजा, घरचेच," ते म्हणाले.