थरफळीच्या सरसाची आणि भिवराबाईच्या श्वासाची हकीकत

श्री. प्रथम दंडवत विघ्नहर्त्यास, दुसरा वाग्देवीस, आणि तिसरा त्या सरसास, ज्याच्या वासाने कोणाच्या डोळां पाणी येत नाही. शके सतराशे चव्वेचाळीस, चित्रभानु नाम संवत्सरे, कार्तिक मासी घडले वर्तमान लिहितो. शकाविषयी कोणास शंका असल्यास त्याने आपल्या पसंतीचा शक घालावा, हकीकत तीच राहील. एक राज्य होते. त्याचे नाव लिहू नये ऐसी तेथील महाराजांची आज्ञा, म्हणोन लिहीत नाही. त्या राज्यात थरफळीचा मोठा कारखाना होता. थरफळी म्हणजे लाकडाच्या कागदासारख्या पातळ साली काढून, एक उभी एक आडवी ऐशा रचून, मध्ये सरस लावून, शिकंज्यात दाबलेली फळी, आणि तिची दारे होत, कपाटे होत, पाळणे होत, खुद्द सिंहासनाची बैठकही होत असे. शिकंजा घराएवढा, त्याच्या माथ्यावर आडवा दांडा, आणि दांड्याच्या दोहों टोकांस दोघांनी लागून गोल फिरावे तेव्हां फळी दबे. दोघांचे पाऊल एक पडले पाहिजे, न पडले तर फळी वाकडी निघे. म्हणोन तेथील चाल ऐसी की दांडा नवरा-बायकोनेच धरावा, कारण भांडण जाहले तरी पाऊल चुकत नाही ऐसे जोडपे राज्यात पुष्कळ. अंतोबा सुतार एका टोकास आणि त्याची बायको भिवराबाई दुसऱ्या टोकास, ऐसी एकोणीस वर्षे फिरली, आणि ती वाट सरळ केली असती तर सात वेळा काशीयात्रा घडती, परंतु दोघे घरापासून शंभर पावलांवरच राहिली.

त्या समयी सरस होता तिखट. त्याचा वास ऐसा की छपरावरून उडता कावळा शिंके आणि उलटा पडे. तो वास भिवराबाईच्या छातीत बसला, श्वासाची शीळ वाजू लागली, आणि एके दिवशी ती दांड्यावरच वाकली. मग राजवैद्य आले, नाडी पाहिली आणि बोलिले, "बाई, या वासात पुन्हा पाऊल घालाल तर श्वास तुमच्या हाती राहणार नाही." तेव्हांपासून भिवराबाई रस्त्यापलीकडे सोयाबीनच्या तेलघाण्यावर पेंड वाळवण्यास बसू लागली. अंतोबास जोडीला पैलवान दिला, तो फळी पापडासारखी निघाली. दुसरा दिला, तो कुरडईसारखी. तिसरा दोन दिवसांत गावी निघून गेला. अंतोबा दर प्रहरी दारात येऊन ओरडे, "अगं, जेवलीस का?" आणि तिला ओरडण्याचा दम नसे, म्हणोन ती पदर हालवी. एकदा हालविला तर होय, दोनदा हालविला तर "आधी तुम्ही". अंतोबाचे मागणे एकच, की ही दांड्याच्या त्या टोकास पुन्हा उभी राहावी, आणि त्यासाठी तो दिसेल त्या देवळापुढे थांबे.

मग ऐसे जाहले की घाण्याची म्हैस भुकेली, आणि भिवराबाईने पेंडीचे पीठ लाकडी डोणीत कालविले. डोणीत आदल्या दिवशीच्या सफेदीच्या चुन्याचे निवळ पाणी राहिले होते, ते तिच्या ध्यानी आले नाही. म्हशीने तोंड घातले, चार घास घेतले, मान उचलिली, तो डोणीही उचलिली! नाकास डोणी घेऊन म्हैस बाजारात शिरली, कोष्टी पळाले, तेली पळाले, आणि कोतवालाने नव्या तऱ्हेचा शत्रू समजोन तुतारी वाजविली. अंतोबा धावला, सात जणांनी ओढिले, डोणी सुटेना. शेवटी भिवराबाई पदर खोचून आली आणि बोलिली, "अहो, ओढता काय? मुकी आहे ती. ऊन पाणी आणा." ऊन पाणी ओतिले आणि म्हैस सुटली. परंतु अंतोबा म्हशीकडे पाहीना. डोणीच्या काठास बोट लावून, हुंगून, पुन्हा हुंगून, तो रस्त्यातच खाली बसला. "अगं भिवरा," म्हणाला, "याला वास नाही."

"पिठाचा येतो की," ती म्हणाली.

"तेच म्हणतो. पिठाचाच येतो!"

मग सहा आठवडे खपून त्याने पेंड, चुना आणि पाणी यांचे माप बसविले, फळी दाबिली, आणि दरबारी अर्ज केला की जुना सरस बंद व्हावा. कारभारी बहिरोपंत मोठे चोख, त्यांस बदल म्हणजे अंगावर पाल. ते बोलिले, "महाराज, हा गुरांचा खुराक. शिवाय मिस्त्री स्वमुखेच सांगतो की पाण्याने सुटतो." अंतोबाने हात जोडिले, "पंत, खरे आहे. याची फळी पावसात ठेवू नये. पण कपाट काय पावसात ठेवितात?" महाराज हसले आणि परीक्षेची आज्ञा जाहली. नव्या फळीवर हत्ती उभा केला. हत्ती उभा राहिला, कंटाळला, बसला, आणि त्यास झोप लागली, तरी फळीस तडा नाही. मग महाराज बोलिले, "बळ पाहिले, आता वास पाहू. दोन खोल्या बंद करा, एकीत जुन्या सरसाचे काम, एकीत नव्याचे. पंत, तुम्ही जुन्याचे कैवारी, तुम्ही त्या खोलीत बसा." नव्या सरसाच्या खोलीत चार सरदार बसले, ते घोरू लागले. पंत सकाळी आत गेले आणि सूर्य माथ्यावर येण्याआधी दार ठोठावू लागले. बाहेर आले तेव्हां पगडी हातात, डोळ्यांच्या धारा उपरण्याने पुसावयाच्या तरी पुसवेनात, आणि चिटणीसाने पंतांच्या घरी कोणी वारले समजोन तसा मजकूर लिहिण्यास घेतला. पंतांनी दम घेतला आणि समोर भिवराबाई उभी होती तिला विचारिले, "बाई, तुम्ही या वासात किती दिवस होता?"

"एकोणीस वर्षे, पंत."

पंतांनी हातातली पगडी खाली ठेविली. मग बोलिले, "हे मला कोणी सांगितले नाही."

"तुम्ही कधी आत आला नव्हता," ती बोलिली, आणि पंतांस बसावयास पाट सरकविला.

जुना सरस बंद करण्याच्या हुकुमावर पहिली सही पंतांनीच केली. पुढे राज्यात सोयाबीनचा अंमल वाढला. पेंडीचा सरस, तेलाची शाई, काजळी न धरणारी मेणबत्ती, फेसाची मऊ गादी, ऐसी एकेक कामे निघाली. प्रस्तुत लेखही त्याच शाईने लिहिला असे. मधल्या दोन ओळी मांजराने चाटल्या, त्यांत लढाईचे वर्णन होते, ते गेले.

मग भिवराबाई कारखान्यात आली, हातास हळद लावून दांड्याचे दुसरे टोक धरिले, आणि फळी आरशासारखी सपाट निघू लागली. परंतु गेलेला श्वास सगळा परत येत नसतो. पाच फेरे जाहले की तिची छाती भरून येई, आणि ती सांगत नसे. अंतोबास पावलावरून कळे. मग तो दांडा सोडी आणि मोठ्याने म्हणे, "थांबा! हा सरस नवा आहे, पाच फेऱ्यांनी याला विसावा लागतो." भिवराबाई म्हणे, "लागतो का हो?" तो म्हणे, "लागतो. तुला पेंडीतले कळते, सरसातले मला कळते. बस." बाकीच्या शिकंज्यांवरील जोडप्यांनी हे ऐकिले आणि तीही पाच फेऱ्यांनी थांबू लागली, आणि कारखाना सावकाश जाहला. हे वर्तमान हुजूर गेले, तेव्हां खासा स्वारी आली. महाराजांनी सर्व शिकंजे एकदम थांबलेले पाहिले, अंतोबाकडे पाहिले, भिंतीस टेकून श्वास मिळवीत बसलेल्या भिवराबाईकडे पाहिले, आणि फळीच्या कडेस पाझरलेल्या सरसास बोट लाविले. सरस खडखडीत वाळला होता. महाराजांनी ते कोरडे बोट शेल्यास सावकाश पुसिले आणि बोलिले, "होय मिस्त्री, ओला आहे अजून. बसू द्या."

ऐसा नियम त्या राज्यात पडला आणि आजही पाळितात. सरसाचे शास्त्र कोणी विचारू नये. इतकी हकीकत, जैसी ऐकिली तैसी, थोडी वाढवून लिहिली असे. वाचणाराने घटकाभर बसावे, मग उठावे. इति.