तिसऱ्या वॉर्डाच्या भावनांची पाहणी

एखादा धर्म वयात आला, हे ओळखण्याची भरवशाची खूण एकच: त्याच्यावर कार्टून निघते. त्याआधी कितीही मंदिरे बांधा, ग्रंथ छापा, गळ्यात टाय बांधून पोरे दारोदार पाठवा. जग त्याकडे बाळलीला म्हणूनच पाहते. मॉर्मन या अमेरिकन ख्रिस्ती पंथाला हा मान पूर्ण बावीस मिनिटांसाठी मिळाला, तेव्हा युटा राज्यातल्या सॅनपीट खोऱ्यात काय झाले, ते नोंदवून ठेवणे जरूर आहे.

खोऱ्यातल्या एका गावच्या तिसऱ्या वॉर्डात चारशे बारा माणसे आहेत. (वॉर्ड म्हणजे दर रविवारी एका छताखाली प्रार्थनेला बसणारी मंडळी. नगरपालिकेशी संबंध नाही, म्हणून तिथे कामे होतात.) मोठ्या माणसांसाठीच्या त्या प्रसिद्ध कार्टून मालिकेत आजवर कॅथलिकांच्या वाट्याला वर्षाला नऊ विनोद येत, ज्यूंच्या चौदा, आणि मॉर्मनांच्या दोन. तेही दोन्ही चार बायकांवर. म्हणजे सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी बंद पडलेल्या प्रथेवर. (हे आकडे कोणी आणि कसे काढले, हे विचारण्याची वॉर्डात पद्धत नाही.) आता मात्र अख्खा भाग निघाला होता. वॉर्डाच्या भावना दुखावल्या असणार, यात शंका नव्हती. अडचण एवढीच, की तो भाग कोणी पाहिला नव्हता. असली मालिका सज्जन माणूस पाहत नाही. तरीही रविवारी दुपारपर्यंत गोष्ट सगळ्यांना तोंडपाठ होती.

बिशप रूलन हॅच हे रविवारी बिशप आणि उरलेले दिवस दातांचे डॉक्टर. ते म्हणाले, "ठणका आहे म्हणता, ठीक. पण दात कुठला ते आधी बघू या. उगाच चांगला दात उपटायला नको."

म्हणून वॉर्डाच्या वतीने तो भाग अधिकृतपणे पाहण्याची सेवा व्हर्ल जेप्सन यांच्याकडे आली. टर्की पक्ष्यांच्या मांसाच्या कारखान्यात ते एकतीस वर्षे तपासनीस होते. पट्ट्यावरून रोज हजारो सोललेल्या टर्की डोळ्यांसमोरून गेल्या, चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. असल्या कामाला याहून लायक माणूस सापडणे कठीण. शिवाय या पंथात सोपवलेल्या सेवेला कोणी नाही म्हणत नाही. पूर्वी व्हर्लनी दोन वर्षे ऑर्गन वाजवण्याची सेवा केली होती. त्यांना ऑर्गन येत नव्हता. वॉर्डाने दोन वर्षे तो ऐकला, ही वॉर्डाची सेवा.

रिवाजाप्रमाणे सगळ्यांनी उजवा हात वर करून पाठिंबा दिला. विरोध असल्यास तसाच हात वर करा, असेही विचारले गेले. (विरोधाचा शेवटचा हात १९७४ साली वर झाला होता. त्या गृहस्थांना खिडकी उघडून हवी होती.)

जन्मात पहिल्यांदाच व्हर्लना नाही म्हणावेसे वाटले, कारण त्यांची मुलगी मार्ली कॅलिफोर्नियात हेच कार्टून काढत होती. वॉर्डाला एवढेच माहीत होते, की ती "चित्रं काढते". सहा वर्षांपूर्वी तिने चर्च सोडले आणि पाठोपाठ घरही. तेव्हापासून दर रविवारी चार मिनिटे फोन होई, आणि ती चार मिनिटे हवामानाला पुरत. यंदा नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या सणाला ती येते म्हणाली होती. आता वॉर्डाच्या भावना दुखावल्याचे ठरले, तर निषेधाचे पत्र भर सभेत वाचले जाणार, सगळ्या चित्रकारांच्या नावांसकट. मग कसली पोरगी येते?

बायको अफ्टन म्हणाली, "अहो, सरळ झोपून जा. टीव्हीसमोर बसलात की घोरताच तुम्ही."

"अगं, सेवा आहे ती. सेवेत झोपतात का?"

"का? प्रवचनात झोपता तेव्हा कुठे जाते सेवा?"

रविवार पवित्र, सोमवार कुटुंबाचा, मंगळवार तरुणांचा; म्हणून बुधवारी दुपारी दोनचा मुहूर्त निघाला. व्हर्ल पांढरा शर्ट आणि टाय घालून आपल्याच बैठकीत बसले. साक्षीला बिशप होते आणि महिला मंडळाच्या अध्यक्षा सिस्टर नेल्डा टिंजी. (या पंथात सगळेच एकमेकांना ब्रदर-सिस्टर म्हणतात.) दोषाचा भार एकावर पडू नये म्हणून असे ठरले, की बिशपांनी कानात कापूस घालून फक्त पाहायचे आणि सिस्टर टिंजींनी भिंतीकडे तोंड करून फक्त ऐकायचे. अफ्टनने तिघांना हिरवी जेली दिली, वर किसलेले गाजर. व्हर्लच्या हातात तक्ता होता: चौदा रकाने, प्रत्येकापुढे "दुखावली" किंवा "शाबूत".

गोष्ट अशी: एका भांडकुदळ माणसाच्या शेजारी मॉर्मन कुटुंब राहायला येते आणि इतके चांगले वागते, की त्यांच्यात खोट काढता काढता तो वेडा होतो. धर्मग्रंथ: शाबूत. बायका: एकच, शाबूत. मग त्या घरातला बाप आला. तो गाडीच्या किल्ल्या सापडाव्यात म्हणून गुडघे टेकून प्रार्थना करत होता, आणि किल्ल्या त्याच्या हातातच होत्या. मग तो जेवायला बसला आणि डाग पडू नये म्हणून त्याने टाय खांद्यावरून मागे टाकला.

बिशपांनी पडद्याकडे पाहिले. मग व्हर्लकडे पाहिले. व्हर्ल जेली खात होते आणि त्यांचा टाय पाठीवर होता.

पुढे त्या बापाला परगावच्या मुलीचा फोन आला. "हवा कशी आहे?" "छान. तिकडे?" "इकडेही." आणि "बरं, ठेवतो" म्हणून तो ठेवीना. फोन कानाला लावून नुसता उभा राहिला. बिशप खो खो हसले. सिस्टर टिंजी भिंतीकडे तोंड करून हसल्या. व्हर्लही हसले, आणि मग एकाएकी थांबले. आपण असे उभे राहतो, हे त्यांनी अफ्टनलाही सांगितले नव्हते. मार्लीला कसे कळले? पलीकडे तिनेही फोन ठेवला नसेल, तरच कळणार. सहा वर्षे दर रविवारी दोघे न बोलता फोन धरून उभे होते. व्हर्लना भयंकर वाईट वाटले. त्या दुखण्यासाठी तक्त्यात रकाना नव्हता.

एवढ्यात बिशप कानातल्या कापसामुळे ओरडले, "सिस्टर, मयताचे बटाटे दाखवताहेत!"

हे बटाटे कुणी गेले, की शोकाकुल घरी चीज घालून भाजून नेतात. तिसऱ्या वॉर्डात सिस्टर टिंजींच्या बटाट्यांशिवाय कुणाला मरण्याची सोय नाही. त्या सगळे नियम मोडून गर्रकन वळल्या.

"ब्रेडचा चुरा? वर ब्रेडचा चुरा?" त्या पडद्याला नाक लावून पाहू लागल्या. "कॉर्नफ्लेक्स कुठायत? चार बायका म्हणा, काय वाटेल ते म्हणा, पण आमच्या बटाट्यांवर ब्रेड?"

दात सापडला. तक्त्यात पंधरावा रकाना आखला गेला: बटाटे, दुखावली.

निघताना बिशप दारात थांबले. "ब्रदर जेप्सन, त्या चित्रातल्या बापासारखं आपल्या वॉर्डात कुणी असेल, असं मला नाही वाटत. तुम्हाला?"

"नाही."

"मग लिहायला नको." आणि त्यांनी व्हर्लचा टाय पुढे ओढून सरळ केला.

रविवारी बटाट्यांबाबत, मोजणारे बिशप सोडून, चारशे अकरा हात वर झाले. पत्र तीन पानी गेले: सोबत पाककृती, शेवटी शुभेच्छा आणि जेवायचे आमंत्रण. तक्रार स्वयंपाकाची, म्हणून चित्रकारांची नावे गाळली. "आणखी कुणाच्या भावना दुखावल्यात का?" असे बिशपांनी रिवाजाप्रमाणे विचारले. व्हर्ल तेव्हा उजव्या हातावर बसले होते.

संध्याकाळी फोन आला. हवा इकडे छान होती, तिकडेही. "बरं, ठेवतो," व्हर्ल म्हणाले, आणि उभे राहिले. बऱ्याच वेळाने म्हणाले, "ठेवला नाहीस ना गं?"

"नाही, बाबा."

"बटाट्यांवर कॉर्नफ्लेक्स असतात."

"माहितीय हो. मी तेच काढले होते. साहेब म्हणाले, लोकांना कळणार नाही." मग ती हळूच म्हणाली, "रागावलात?"

"वॉर्ड रागावलाय, बटाट्यांसाठी. तू ये. घाटात बर्फ असेल, सावकाश ये."

"येते."

तिसऱ्या वॉर्डाची पद्धत मागासलेली आहे, हे मान्य करायला हवे. आधी पाहायचे, मग कुठे दुखते ते शोधायचे, आणि ज्याला खरेच दुखले त्याने गप्प बसायचे, यात आठवडा गेला. आपल्याकडे हेच काम एका दुपारी उरकते, काचांसकट. तेव्हा वाचकहो, हसून झाले असेल तर एक किरकोळ चौकशी: गेल्या खेपेला ज्या पुस्तकाने तुमच्या भावना दुखावल्या, ते तुम्ही कितव्या पानापर्यंत वाचले होते?