शेवंता आधी शह द्यायची

त्या दुपारी आम्ही दोघांनी ओसरीत बसून वालाच्या शेंगा सोलल्या. म्हणजे मी सोलल्या. माझी बायको शेवंता एक शेंग सोले आणि दहा मिनिटं तांब्याला टेकवलेल्या मोबाईलकडे पाही. त्यात बुद्धिबळाचा खेळ होता, नागपूरच्या लेकीनं टाकलेला. शेंगा संपायच्या आतच शेवंता गेली. बसल्या जागी.

तिला जिंकायचं नसे. रोज हरे. ‘पाच चालींत मात’ असं मोबाईलनं दाखवलं की बाईचा चेहरा नवं लुगडं मिळाल्यासारखा फुले. मग त्या पाच चाली शोधण्यात दोन दिवस जात आणि भाजी करपे. मी चौथी शिकलेलो. एकदा विचारलं, “त्याले आधीच कसं कळते?”

“ते आधी शह पायते. शह दिला का राजाले मोजकेच रस्ते राहतात. मंग एकेक रस्ता धरून पुढं जाते. आपली एकच चाल बरोबर असली तं पुरते, पण समोरच्याची हरेक चाल मोजा लागते. एक जरी रस्ता सुटला, तं ते मात म्हणत नाही.”

“एवढं कळते, तं हरून काहून राहिली तू?”

“तुमी शेंगा सोला.”

ही विद्या तिनं माझ्यावरच चालवली. डोळ्याच्या ऑपरेशनला मी तयार नव्हतो. एक दिवस तिनं लेकीला फोन लावून माझ्या कानाला धरला. हा शह. ओरडलो तर लेक रडणार, गप्प बसलो तर होकार धरणार. मी दोन्हीतलं काहीच केलं नाही. आमच्या नाकाडोंगरीहून एसटी पकडली आणि सानगडीला भावाकडे पळालो. भाऊ अंगणात मोटारसायकल काढून उभाच.

“चाल दादा, भंडाऱ्याच्या दवाखान्यात. वयनीनं सकाळीच सांगतलं, तू येशीन म्हणून.”

तीन चालींत डोळ्याला पट्टी.

शेवंता गेली त्या संध्याकाळी तिला जाळून आलो. दुसऱ्या दिवशी सकाळी भिंतीकडे तोंड करून पडलो होतो. नागपूरहून आलेली लेक रडून रडून झोपली होती. सुतकात घरची चूल पेटत नाही, शेजारचं खावं लागतं. आणि शेवंता घरात आल्यापासून मी तिच्याशिवाय कोणाच्या हातचं खाल्लं नाही. लोकांच्या लग्नातही घरून डबा नेई. शेजारची रुखमा वरण-भात घेऊन आली.

“नेऊन टाक,” मी म्हणालो.

तिनं ताट ठेवलं आणि समोर बसली. “मीबी उपाशी आहो, भाऊजी. शेवंताबाईनं सांगतलं होतं, ते जेवतवरी तू जेवू नोको.”

“मंग मर उपाशी.”

“असंच म्हणतील, म्हणे. शिव्या दिल्या तं बरं समज, म्हणे, तोंड तं उघडलं.”

“कधी सांगतलं तिनं?”

“दिवाळीपासून सांगून राहिली होती. छातीत कळ यायची तिले. तुमाले सांगू नोको म्हणे.”

मी शिवी दिली. रुखमाला नाही, शेवंताला.

मागचं दार उघडं होतं. पलीकडे जंगलाची पायवाट. निघून जावं, कोणाला तोंड दाखवू नये, असं पहाटेपासून मनात घोळत होतं. त्या वाटेबद्दल शेवंतानं रुखमाला काहीच सांगितलं नव्हतं. मोजायची राहिली, की मुद्दाम सोडली, आता कोणाला विचारू.

मी उठलो. दाराची कडी लावली आणि ताटावर येऊन बसलो. वरणात मीठ जास्त होतं. दोन घास गेल्यावर रुखमाला म्हणालो, “तूबी वाढून घे.”