गफूर सरांचा सेट

गफूर सरांना दिवसातून दोनदा नमस्कार केला की ते खवळायचे. "सकाळी झाला न्हाई का? पुन्हा काहून?" सेनगावच्या आमच्या कॉम्प्युटर क्लासच्या भिंतीवर दुकानदारांनी दिलेली दोन कॅलेंडरं होती; त्यातलं एक त्यांनी फाडून टाकलं. मीही तिथेच शिकवायचो, त्यामुळे हा जाच रोजचाच.

दोन हजारनंतरची ही गोष्ट. प्रोग्रामिंगमधला 'सेट' शिकवायला सर स्टीलचा डबा आणत. प्रत्येकाने आपल्या गावाची चिठ्ठी त्यात टाकायची. जवळच्या गोरेगावची दुसरी चिठ्ठी आली की ती भिरकावून देत. "सेटमंदी एक चीज एकदाच! पयली कोण, दुसरी कोण, इचारू नका. गोरेगाव हाय का न्हाई, एवढंच इचारा. अख्खी यादी धुंडायची तकलीफ न्हाई, झट जवाब!" शिकवायचे मात्र झकास, हे मी चिडूनच कबूल करतो.

परीक्षेच्या फॉर्मची वेळ आली. सरांनी सगळी नावं सेटमध्ये ओतून यादी छापली. एक नाव कमी भरलं. "डुप्लिकेट उडालं!" म्हणून स्वारी खूश. मी म्हटलं, "सर, नावावर जाऊ नका, रोल नंबर टाका." तर माझ्यावरच ओरडले, "मला शिकवून राहिले का?"

हॉलतिकिटं आली तेव्हा कळलं. एकाच तांड्यावरच्या दोन मुली, दोघीही सुनीता बाबू राठोड. फॉर्म एकीचाच गेलेला. राहिलेल्या सुनीताच्या वडिलांनी बजावलं होतं, यंदा परीक्षा झाली नाही तर लग्न. माझं डोकं फिरलं. भर वर्गात सरांना वाट्टेल ते बोललो. दुसऱ्या दिवशी सर मला घेऊन तांड्यावर गेले.

सुनीता भडकलेलीच होती. "सर, सा महिने तुमच्यासमोर बसले. मी तुमाला दिसलेच न्हाई का?"

"दिसली ना, बाई. तीन नंबरच्या मशीनवर बसती. बटन सापडलं न्हाई की जीभ चावती. जीप चुकली की चालत येती, पाय धुऊन मंगच वर्गात येती. घरी माझ्याशी बोलाया कोण हाय? तुमचंच समदं ध्यानात ऱ्हातं."

मला त्यांचा राग होताच, पण वाईटही वाटलं.

तिचे वडील बाबूभाऊ म्हणाले, "पुढच्या परीक्षेपरेंत थांबतो."

"फॉर्म मी भरीन," सुनीता म्हणाली. "तुमी हात लावू नका."

सरांनी मान हलवली आणि त्या पोरीसमोर हात जोडले.