विलायती रंग

चनबसप्पाच्या गाडीला लव फुटली होती.

शनिवारी सकाळी गुरम्मा लेकीला कडेवर घेऊन अंगणात आली, तेव्हा तो गाडीपुढं उकिडवा बसून बॉनेटकडं बघत होता. आदल्या दिवशी हातानं लावलेला तांबडा रंग वाळला होता आणि त्यावर पांढरी, मऊ, कापसाची लव बसली होती. लेकीनं हात पुढं करून ती कुरवाळली. दोन वर्षं घरात असलेली गाडी तिला आज पहिल्यांदा आवडली.

"समोरच्या यंत्रमागांचं हाय हे," चनबसप्पा म्हणाला. "काल माग बंद होते, तरी वाऱ्यावर उडतच होतं की."

दोन शिटांची, बिनटपाची ती स्पोर्ट गाडी कुणी एक गिरणीतला साहेब विलायतेला परत जाताना गोदामात टाकून गेला होता. फिटर असलेल्या चनबसप्पानं लग्नाच्या वर्षीच ती ढकलत भवानी पेठेत आणली. त्यानं इंजिन उघडलं, गुरम्मानं दात घासायच्या ब्रशनं चाकांच्या तारा घासल्या. पुढच्या लाकडी फळीला जवसाचं तेल चोळायचं काम तर तिनं बाळंतपणाच्या आठ दिवस आधीपर्यंत सोडलं नव्हतं. आता फक्त रंग राहिला होता, आणि सोमवारी बार्शीला लेकीचं जावळ होतं.

गुरम्माचे वडील मडिवाळप्पा बार्शीचे धान्याचे अडते. पहिलं लेकरू याच गाडीतनं तुमच्या दारात आणीन, असं चनबसप्पानं लग्नात त्यांना सांगितलं होतं, तेव्हा अख्खा मांडव हसला होता. परवाच त्यांचं कार्ड आलं होतं. सकाळच्या एस.टी.नं यावे, त्या भंगारातून येऊ नये, चार पाहुणे असतील.

दिवसभर पॉलिश पेपर घासून दोघांनी लव काढली. आता हातानं नाही, पंपानं फवारून रंग द्यायचा, म्हणजे तासाभरात वाळतो, असं ठरलं. पण पंपाला वीज लागते, आणि मागांना सुट्टी असते त्या शुक्रवारी पेठेत वीजच नसते. म्हणजे वीज असताना माग बंद पाहिजेत. चनबसप्पा समोरच्या मागांच्या मालकाकडं, नरसय्याकडं गेला. नरसय्यानं आधी डोक्यावर परिणाम झालाय का विचारलं, मग चहा पाजला, आणि रविवारी दुपारी दोन तास बारा माग बंद ठेवायचं कबूल केलं. बदल्यात गाडीतनं तळ्यापर्यंत एक फेरी.

रविवारी दुपारी गुरम्मानं अंगणात सडा घातला आणि गाडीभोवती आपली ओली लुगडी टांगली. लेक पाळण्यात झोपली होती. नरसय्यानं माग बंद केले. पंप गुरगुरला, गाडीचा मागचा भाग बघता बघता तांबडाभडक झाला.

तेवढ्यात लेक किंचाळून उठली. पाठोपाठ शेजारच्या काशम्माचा नातू उठला. मग त्यापलीकडचं घर, मग कोपऱ्यावरची जुळी. पाच मिनिटांत गल्लीतलं एकूण एक लेकरू रडत होतं आणि आया त्यांना घेऊन रस्त्यावर उभ्या होत्या.

शुक्रवारी लेकरांना दृष्ट लागते, अशी या गल्लीची जुनी समजूत होती. दर शुक्रवारी मीठ-मोहऱ्या ओवाळल्या जायच्या. आज रविवार होता, त्यामुळं सगळ्या जणी बुचकळ्यात पडल्या. लेकीला थोपटता थोपटता गुरम्माला मात्र उमगलं. ही पोरं जन्मल्यापासून मागांच्या खटक्-खटक् आवाजात झोपलेली. दृष्ट कसली, आवाज बंद झाला होता.

काशम्मा तरातरा नरसय्याकडं गेली. "माग लाव बाबा. ह्याची गाडी रंगंल, आमची पोरं आकडी येऊन पडतील."

नरसय्यानं बटणाकडं हात नेला. चनबसप्पा फवाऱ्याचं नळकांडं हातात धरून तसाच उभा राहिला. अर्धी गाडी तांबडी, अर्धी उघडी.

"अहो," गुरम्मा हळूच म्हणाली, "गाडीच चालू करा की."

त्याचा चेहरा उतरला. इंजिनात एक खटका राहिला होता. खूप खटपट करूनही तो गेला नव्हता, आणि चारचौघांत तो ऐकवायची त्याला लाज वाटत होती. पण इलाज नव्हता. त्यानं किल्ली फिरवली.

खटक्-खटक्, खटक्-खटक्.

आधी लेकीची मान गुरम्माच्या खांद्यावर पडली. मग जुळी शांत झाली. काशम्माचा नातू अंगठा तोंडात घालून झोपला. आया लुगड्यांच्या आडोशाबाहेर भिंतीला टेकून ओळीनं बसल्या आणि कुजबुजत गप्पा मारू लागल्या. थरथरणाऱ्या गाडीवर चनबसप्पानं उरलेला रंग दिला. लव बसली नाही. पण थरथरीमुळं बॉनेटवरचा रंग वाळला तो बारीक लाटा घेऊनच. पुन्हा घासायला वेळ नव्हता.

सोमवारी निघताना तो परत परत बॉनेटकडं बघत होता. लाटांवर टाकायला चादर घ्यावी का, असं विचारलं त्यानं. गुरम्मा नको म्हणाली.

बार्शीत मडिवाळप्पा पाहुण्यांसकट दारात उभे होते. त्यांनी नातीला घेतलं, गाडीभोवती एक फेरी मारली, आणि बॉनेटवरून बोटं फिरवली. एकदा, मग परत एकदा. चनबसप्पानं खाली बघून चपलेचा अंगठा चाचपला.

"बघितलं का," मडिवाळप्पा पाहुण्यांना म्हणाले. "हात लावून बघा. कशा बारीक लाटा काढल्यात. याला म्हणतात विलायती काम." पाहुण्यांनी आळीपाळीनं हात लावला आणि माना हलवल्या.

मग मडिवाळप्पा जावयाकडं वळले. आवाजात लग्नातलं हसू नव्हतं. "जावईबापू, इंजिन तुमी चालू केलंत, मानलं तुमाला. पण साहेबाचा मूळचा रंग तसाच ठेवलात, ते लई शहाणपणाचं केलंत. हितल्या माणसाला असलं जमायचं न्हाय."

चनबसप्पानं तोंड उघडलं. गुरम्माकडं बघितलं. तिनं पदर तोंडाशी धरला होता आणि तिचे खांदे हलत होते.

"व्हय मामा," तो म्हणाला.