सात महिन्यांचा प्रिंटर

शेवडगावात माणसाची गरज किती उरली आहे ते टेपनं मोजतात आणि मगच त्याला प्रिंटर देतात. दुकानातून परस्पर आणायला बंदी आहे. नगरपरिषदेचं म्हणणं असं, की लोक मनाला येईल तो प्रिंटर आणतात आणि मग तो माणसामागे धूळ खात पडतो. म्हणून नियम केला. दहा वर्षांहून जास्त गरज उरलेल्याला लेझर, कारण त्याचं पान टिकतं. एक ते दहा वर्षंवाल्याला शाईचा, पाण्याचा थेंब पडला की ओघळणारा. वर्षाच्या आत ज्याचं आटोपणार त्याला थर्मल, म्हणजे दुकानात बिलं निघतात तसला. त्यावरची अक्षरं काही महिन्यांत उडून जातात, पण तोवर मालकालाही त्यांची गरज उरलेली नसते.

मला या नियमाबद्दल कधी काही म्हणायचं नव्हतं. माझी पाळी आली तेव्हा मात्र डोकं फिरलं.

मी प्रमिला भोईटे. सरकारी दवाखान्यात छत्तीस वर्षं नर्स होते आणि सगळी बाळंतपणाच्या खोलीत काढली. माझ्या हातावर दोन हजार तीनशे सोळा मुलं झाली. प्रत्येकाचं मी वहीत लिहून ठेवलं आहे: वेळ काय होती, वजन किती, बाहेर कोण येरझाऱ्या घालत होतं, आईच्या तोंडून पहिला शब्द कोणता आला. वह्यांना वाळवी लागायला लागली म्हणून भाचीनं ते सगळं कॉम्प्युटरवर चढवून दिलं. आता मला एकेकाचं पान काढून ज्याचं त्याच्या हातात द्यायचं होतं. जन्माच्या दाखल्यावर यातलं काही नसतं, आणि हे सांगणारं माझ्याशिवाय कुणी उरलेलं नाही. जूनमध्ये रीतसर अर्ज केला: लेझर, नग एक.

जुलैच्या एकोणीस तारखेला रोहिदास कुचेकर मोजायला आला. तो नगरपरिषदेत गरज-मापक आहे. वय अडतीस, पोरगा सरळ, पण नियमाच्या पुढे एक पाऊल टाकणार नाही. पायाळू आहे. गावात कुणाच्या पाठीत उसण भरली की अजून त्याला लाथ मारायला बोलावतात, आणि तो ऑफिस सुटल्यावर जाऊन मारून येतो.

"सिस्टर, डावा पाय जरा पुढे घ्या," तो म्हणाला. टेपचं टोक त्यानं माझ्या अंगठ्याखाली दाबलं आणि टेप सोडत तो दाराकडे निघाला. जिथं ती आपोआप अडते, तितकी गरज. माझी बैठकीच्या खोलीतच अडली, टीव्हीच्या टेबलाशी.

"सात," तो म्हणाला.

"वर्षं?"

"महिने, सिस्टर."

"अरे मेल्या, नीट ओढ की!"

"ओढली. याहून ओढली तर मला सस्पेंड करतील." त्यानं आकडा लिहून घेतला. "थर्मल बसतोय तुम्हाला. मशीन गुणी आहे. शाई नको, आवाज नाही, जागा कमी लागते."

"मला काय बसतंय ते मी ठरवीन. मला टिकणारं पान पाहिजे."

"टिकणारं कशाला? तुमची गरज सात महिने, पान सात महिने. तंतोतंत बसतंय."

"आणि पान ज्याच्या हातात जाणार त्याची गरज?"

"त्यांनी वेगळा अर्ज करावा."

"तुझंही पान आहे बरं का त्यात."

तो टेप गुंडाळता गुंडाळता थांबला. मग म्हणाला, "माझ्या नावावर लेझर मंजूर आहे, सिस्टर," आणि चहा न घेताच गेला.

तुम्ही म्हणाल, मोजमाप चुकलं असेल. आजवर चुकलेलं नाही. गाव ते अभिमानानं सांगतं. आमच्या शेजारच्या पोतनीसकाकांना नऊ महिने निघाले होते. पोस्टमास्तर माणूस, वक्तशीर. नेमक्या तारखेला त्यांनी मशीन पुसलं, खोक्यात भरलं, निघाल्याच्या पोचपावतीवर सही केली, आंघोळ केली आणि गेले. एक दिवस इकडे नाही की तिकडे नाही. नगरपरिषदेनं फलकावर नाव लावलं. मला त्या फलकाचा इतका संताप आला! अहो, आदल्या दिवशी माझ्याकडून लिंबाच्या लोणच्याची बरणी नेली होती त्यांनी. उघडलीसुद्धा नव्हती. कसली एवढी घाई होती माणसाला?

मी अपील केलं. अपिलाला साळवेकर मॅडम बसतात. त्यांच्या टेबलावर तिन्ही जातींचे प्रिंटर ओळीनं मांडलेले आहेत.

"सिस्टर, तुमची हरकत मोजमापाला आहे का?"

"मोजमापाला नाही. मोजायलाच आहे."

"तसा रकाना नाही." त्यांनी फॉर्म उलटून पाहिला. "मशीन घ्या ना. सात महिन्यांत काढा पानं आणि वाटून टाका."

"आणि आठव्या महिन्यात लोकांच्या हातात कोरा कागद? मला दोन हजार तीनशे सोळा जन्म लक्षात आहेत मॅडम, एकेक."

"आठवण फाईलला लागत नाही, सिस्टर. फाईलला कागद लागतो. अपील फेटाळलं."

"मग माझंही ऐका. मी हे मशीन घेणार नाही. आणि एकोणीस फेब्रुवारीला जाणारही नाही."

मॅडमनी चष्मा काढला. "असं कुणी केलेलं नाही अजून."

"तसा रकाना करून ठेवा."

आदेश निघाला. त्याचाही नियम आहे, कलम चौदा: अर्जदाराला ज्या जातीचा प्रिंटर मंजूर झाला, त्याच जातीच्या प्रिंटरवर त्याचा आदेश काढावा, म्हणजे फाईलमध्ये घोळ होत नाही. माझा आदेश थर्मलवर निघाला. एक प्रत मला, एक फाईलला. माझी प्रत सारखी गुंडाळी होत होती, म्हणून मी ती कॅलेंडरच्या खिळ्याला चिमटा लावून टांगली. मशीन आलं ते दारातच ठेवलं आणि वर तुळशीच्या रोपांची कुंडी ठेवली.

डिसेंबरात एकदा कॅलेंडरचं पान उलटताना आदेशाकडे लक्ष गेलं. 'सात महिने' हे शब्द फिके झाले होते. मी चष्मा पुसला, परत पाहिलं, आणि कुणालाही काही बोलले नाही.

फेब्रुवारी लागला तसं गाव आपल्या पद्धतीनं तयारीला लागलं. दूधवाल्यानं एकोणीसपर्यंतचाच रतीब धरला. गॅसवाल्यानं नवीन सिलिंडर द्यायला नाही म्हटलं. भाचीचा फोन आला, रडत होती, म्हणाली, "मावशी, अठराला येऊ का मुक्कामाला?" मी म्हटलं, "ये. वीसला आपण शिकरण-पोळी करू." ती आणखीच रडायला लागली. खोटं कशाला सांगू, त्या आठवड्यात मीही घाबरले होते. मुलाचं डोकं दिसत असतं आणि आई म्हणते, मला आता होत नाही. हजार वेळा मी त्या बायांवर ओरडले आहे, होतं, सगळं होतं. तशीच स्वतःवर ओरडले.

एकोणीसला अकरा वाजता रोहिदास आला. मी शेंगदाणे भाजत होते. त्यानं चप्पल बाहेर काढली आणि पोचपावतीचं पुस्तक पुढे केलं.

"सिस्टर, सही. मशीन मी नेतो. आंघोळ झाली का?"

"झाली, रोज करते. कुठं निघायचंय?"

"आज तारीख आहे ना."

"कसली? आदेश दाखव."

"तो तुमच्याकडे आहे."

मी खिळ्यावरून कागद काढून त्याच्या हातात दिला. पांढराशुभ्र. त्यानं उजेडात धरला, उलटा केला. मग पिशवीतून फाईल काढली. फाईलमधली प्रतही तशीच.

"असं कधी झालं नव्हतं," तो म्हणाला.

"झालं असेल रे. ज्या दिवशी अक्षरं जायची त्या दिवशी बघणारा जायचा. कोण बोंब मारणार?"

गॅस बंद करून मी त्याच्याबरोबर ऑफिसात गेले. साळवेकर मॅडमनी दोन्ही कागद हातात घेतले. पाठपोट पाहिले.

"आदेश झाला होता," त्या म्हणाल्या. "मला आठवतंय, सिस्टर. सात महिने."

"आठवण फाईलला लागत नाही, मॅडम."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी नजर हटवली नाही. मग त्यांनी नियमांचं पुस्तक ओढलं आणि कलम बावीस मोठ्यानं वाचलं: अर्जावर सहा महिन्यांत आदेश झालेला दिसत नसेल, तर अर्ज मागितल्याप्रमाणे मंजूर समजावा.

"जून, जुलै..." रोहिदासनं बोटं मोजली. "आठ होतात, मॅडम."

"लेझर, नग एक," मॅडम म्हणाल्या.

"पण मॅडम, मोजमाप? परत टेप लावू का?"

"मंजूर झालेल्या अर्जाला मोजमाप नसतं, कुचेकर." त्यांनी शिक्का मारला. मग जरा हळू आवाजात मला विचारलं, "सिस्टर, मी चौऱ्याऐंशीची. एप्रिल. तुमच्याकडेच का?"

"सोळा एप्रिल. तुमची आई आधी हसली आणि मग रडली. पान पाठवते."

दुपारी रोहिदासनं लेझर घरी आणून जोडून दिला. भाची दारात उभी राहून कधी माझ्याकडे, कधी घड्याळाकडे बघत होती. मी म्हटलं, पहिलं पान ज्यानं मशीन वाहून आणलं त्याचं. बटण दाबलं. पान गरम निघालं. रोहिदासनं ते दोन्ही हातांत धरून वाचलं.

क्रमांक एक हजार चारशे आठ. मुलगा. पायाळू. दुपारी सव्वातीन. वजन पावणेदोन किलो. वडील बाहेर नळापाशी उभे, नळ सुरूच ठेवलेला. रडला नाही. डॉक्टर म्हणाले, सिस्टर, सोडून द्या, याचं काही उरलेलं नाही. मी सोडलं नाही. तीन वाजून एकवीस मिनिटांनी रडला. आई म्हणाली, कुणाचा आवाज येतोय?

त्यानं पान पुन्हा वरपासून वाचलं. घडी केली नाही. टेप ज्या पिशवीत असते त्या पिशवीत, फाईलच्या दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये, सपाट ठेवलं. नाक ओढलं. मग रजिस्टर उघडलं आणि पेनचं टोपण काढलं.

"टोनर एकदाच मागवावा लागतो, सिस्टर. गरजेप्रमाणे. एकात पंधराशे पानं निघतात. किती लिहू?"

"दोन लिही," मी म्हटलं.

त्यानं दोन लिहिले.