गाडी अजून तयार नाही

धोंड्याच्या महिन्यात सासरे जावयाला चांदीची वाटी देतात, ऐपत असली तर अंगठी देतात. आमच्या मामाजींनी मला ब्रेकचे पॅड दिले. ताटात अनारसे, शेजारी विडा आणि मधोमध ते काळे पॅड, वर कुंकवाचं बोट लावलेलं. "वाटी कपाटात पडून राहते जवाईबापू, हे जीव वाचवतात," म्हणाले. आता माझ्याकडे स्कूटर, आणि पॅड चारचाकीचे. त्यामुळे जेवण झाल्यावर तेच पॅड उचलून त्यांनी स्वतःच्या गाडीला लावले, आणि त्यांनीच दिलेला नवा शर्ट घालून मी टॉर्च धरून बसलो.

मामाजी म्हणजे माझे सासरे. आम्हा नागपूरकडच्या लोकांत सासऱ्याला असंच म्हणतात. राहतो मात्र आम्ही सगळे जबलपुरात; इथल्याच सरकारी कारखान्यात त्यांचा जन्म गेला. निवृत्त झाले, आणि सासूबाई गेल्या त्याच्या पुढच्या वर्षी एक जुनी, छोटी गाडी घेऊन आले. लोक या वयात नर्मदेची परिक्रमा करतात. मामाजींनी ठरवलं, शर्यतीत उतरायचं. सडकेवर नाही हं, खऱ्या ट्रॅकवर, दक्षिणेत असतात तिकडे, हेल्मेट घालून.

"वजन हा दुश्मन आहे" हे त्यांचं ब्रह्मवाक्य. मागची सीट काढली; ती आता व्हरांड्यात आहे, पाहुणे तिच्यावर बसून पोहे खातात. एसी गेला, गालिचा गेला, छताचं कापड गेलं. डॅशबोर्डवरचा गणपती उतरवला तेव्हा माझ्या बायकोनं, वैशालीनं, डोक्याला हात लावला. "देवाले काय, तो पायी येईल," मामाजी म्हणाले. एवढं सगळं उतरवल्यावर आत लोखंडी पाइपांचा पिंजरा वेल्ड करून घेतला, गाडी उलटली तर डोकं वाचावं म्हणून. त्याचं वजन काढलेल्या सामानाहून जास्त भरलं. मी हसलो. ते नाही हसले.

वैशाली तेव्हापासून रविवारी माहेरी जात नाही. फोन करते, डबा पाठवते आणि डब्यासोबत मला पाठवते. "तुम्ही जा बाप्पा, मले लाज वाटते," म्हणते. जशी काही मला वाटत नाही.

कारण त्या गाडीचा सायलेन्सर बदललाय. पहिल्यांदा चालू केली तेव्हा शेजारचे मिश्राजी पूजा सोडून बाहेर आले. कॉलनीनं ठरवलं, गल्लीत ही गाडी चालू करायची नाही. मग आम्ही ती ढकलत कोपऱ्यावरच्या मैदानात नेतो, तिथं चालू करतो, मामाजी डोळे मिटून आवाज ऐकतात, मान हलवतात, म्हणतात, "गाडी अजून तयार नाही." मग परत ढकलत आणतो आणि तिचं इंजिन उघडतो. जी गाडी शर्यतीत धावायची, ती मी आजवर ढकललीच आहे. ढकलतो मी, आणि मामाजी खिडकीतून हात घालून स्टिअरिंग धरून सोबत चालतात. आत बसत नाहीत. वजन हा दुश्मन आहे ना.

मी शाळेत भूगोल शिकवतो. मैदानात क्रिकेट खेळणारी अर्धी पोरं माझ्याच वर्गातली. "सर, धक्का लगा दें?" असं इतक्या आदरानं विचारतात की जमीन दुभंगावी. सोमवारी फळ्यावर नकाशा काढताना पोरांची नजर मध्य प्रदेशावर नसते, माझ्या काळ्या नखांवर असते. मागच्या रविवारी तर आमच्या प्राचार्या मॅडम भाजीच्या ठेल्याशी उभ्या होत्या. दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये सगळ्यांदेखत विचारलं, "संडे को कहीं पार्ट टाइम करते हैं क्या?" कानशिलं तापली माझी. त्याच संध्याकाळी ठरवलं, आता बस्स. मामाजींना सांगायचं, पुढच्या रविवारपासून मी येणार नाही. वाक्य पाठ केलं, आरशासमोर म्हणून पाहिलं.

या रविवारी गेलो तर मामाजी खुशीत. शर्यतीची सीट आली होती. खोलगट, कडक, सरळ तळाला बोल्टनं आवळलेली. ही मागंपुढं सरकत नाही, कारण सरकवायच्या पट्ट्यांचंही वजन असतं. "बसून पाहा, हलते का," म्हणाले. पिंजऱ्यातून वाकत, डोकं आपटत मी आत शिरलो. पाय थेट पेडलवर, हात थेट स्टिअरिंगवर. शिंप्यानं माप घेऊन शिवावी अशी बसली.

"आता तुम्ही बसा," मी म्हणालो. ते म्हणाले, राहू द्या. मी आग्रह धरला. बसले की वाक्य बोलून टाकायचं होतं. शेवटी बसले. मामाजी माझ्याहून वीतभर बुटके. त्यांचे पाय पेडलच्या अलीकडेच हवेत राहिले, बाकावर बसवलेल्या पोरासारखे.

"मामाजी, सीट चुकली."

"नाही चुकली. तुमच्या मापाची आहे."

मला काही कळेना. ज्यांनी नटसुद्धा काट्यावर तोलले, ते सीट अशी लावतील?

"मले उजव्या डोळ्यानं दिसत नाही आता," ते स्टिअरिंगकडे पाहत म्हणाले, चोरी पकडली गेल्यासारखं. "शर्यतीचा डॉक्टर पास करत नाही. मागच्या साली जाऊन आलो. कोणाले सांगितलं नाही, लाज वाटली. मग म्हटलं, जवाईबापू चालवतील."

"मग तेव्हाच सांगायचं होतं, गाडी तर कधीच झाली असती. दर वेळी उघडून काहून राहिले?"

मामाजी हातातला पाना कपड्यानं पुसत राहिले, तो आधीच स्वच्छ होता.

"गाडी झाली का तुम्ही कशाले याल?"

पाठ केलेलं वाक्य माझ्या तोंडाशी होतं. ते गिळलं. सहा दिवस प्राचार्या मॅडमची, पोरांची, मिश्राजींची लाज बाळगून फिरलो होतो, आणि त्या व्हरांड्यातल्या सीटवर रविवारची वाट पाहत बसणारा माणूस मला एकदाही दिसला नव्हता. माझे तर दोन्ही डोळे शाबूत. मला माझीच शरम वाटली.

गाडीतलं मला ओ की ठो कळत नाही. तरी मी समोर गेलो आणि बॉनेटला कान लावला. इंजिन बंद होतं.

"मामाजी, आवाज बरोबर नाही वाटून राहिला," मी म्हणालो. "पुढच्या रविवारी पूर्ण उघडून पाहू."

मामाजी त्या सीटमधून कसेबसे बाहेर आले. त्यांनीही बंद इंजिनाला कान लावला, डोळे मिटले, नीट ऐकलं.

"हो ना," म्हणाले, "गाडी अजून तयार नाही. सकाळी लवकर या मग. नाश्ता इकडंच करा."